स्त्रीवादी पुस्तकघर

स्त्रियांचे लेखन, वाचन आणि एकत्र बसून बोलणे यांसाठी राखलेली जागा. अमेरिकेत मिनियापोलिसला 1970 मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ हे स्त्रीवादी पुस्तकांचे दुकान निघाले (पुढच्या काळातल्या बलाढ्य कंपनीशी त्याचा संबंध नव्हता). बंगळूरला ‘विमोचना’ संघटनेने 1984 मध्ये ‘स्त्रीलेखा’ सुरू केले.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः मासिकांनी केले. शंकरराव किर्लोस्करांचे ‘स्त्री’ 1930 सालचे. पावससारख्या गावातल्या वाचकापर्यंत पोस्टाने पोहोचू शकेल, अशी ही जागा. ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ (1937–2020) यांनी पुण्यात ऑगस्ट 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. अंक वाचून संपला तरी बोलणे संपू नये, हा त्यांचा ध्यास फार मोलाचा होता.

या ध्यासाची मुळे आधीची. 1982 मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तेव्हा बाळ यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन मांडले. पाहायला आलेल्या बायका स्वतःचे सोसणे सांगू लागल्या. त्यातूनच ‘बोलते व्हा’ केंद्र उभे राहिले.

पुढे बाळ यांच्याच पुढाकाराने ‘अक्षरस्पर्श’ ग्रंथालय आणि पुरुष संवाद केंद्रही सुरू झाले.