सत्तर अंशांच्या पाण्यातून नांगरगावला

साल १९६६. लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या खाचरांत भात पोटरीला आलंय. तुम्ही बांधावर डोळे मिटता, उघडता ते अमेरिकेतल्या यलोस्टोनला, ‘मशरूम स्प्रिंग’ या गरम झऱ्याच्या काठी. पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसला असाल. इथं तसं करू नका. पाणी सत्तर अंशांच्या आसपास आहे.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना एवढंच पाहायचंय, की इतक्या उष्णतेत काय जगतं. याचा उपयोग काय, असं त्यांना कुणी दरडावत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. त्यांना सापडलेल्या जिवाणूचं नाव १९६९मध्ये छापून येतं: थर्मस ॲक्वाटिकस.

आता १९७६, अमेरिकेतलंच सिनसिनाटी. संशोधक ॲलिस चिएन यांच्या टेबलाशी उभे राहा. त्याच जिवाणूच्या पेशी फोडून त्या डीएनएची साखळी जोडत नेणारं एन्झाइम वेगळं काढताहेत. खरी कसोटी इथंच आहे, घाई करू नका. त्याच पेशीत डीएनए कुरतडणारी एन्झाइमंही असतात. त्यांचा अंश उरला, तर जोडलेलं सगळं तुटायचं. म्हणून द्रव एकामागून एक स्तंभांतून गाळत राहायचं. हाती येतं ते एन्झाइम ऐंशी अंशांना सर्वांत जोमानं काम करतं.

पुढं कॅरी म्युलिस यांची, डीएनएच्या प्रती काढणारी पीसीआर पद्धत येते. दर फेरीला डीएनए पंचाण्णव अंशांपर्यंत तापवायचा. आधीचं ई. कोलाय जिवाणूचं एन्झाइम त्यात मरायचं, दरवेळी नवं घालावं लागायचं. थर्मसचं हे एन्झाइम टिकतं. एकदा घालून झाकण लावलं, की तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे १०७ कोटी होऊ शकतात.

मार्च २०२०. औंढ्याजवळ, लोणावळ्याच्या नांगरगाव औद्योगिक वसाहतीत मायलॅबचा कारखाना आहे. कंपनीच्या विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले गरोदर आहेत. इस्पितळातून परतून फेब्रुवारीत त्यांनी कोरोनाच्या चाचणी-कीटचं काम हाती घेतलं. अशा चाचणीत विषाणूचा आरएनए आधी डीएनएत उतरवतात, मग उष्णता सोसणारं एन्झाइम त्याच्या प्रती काढतं. एकाच नमुन्याच्या दहा चाचण्या केल्या, तर दहाही निकाल सारखे यावेत, असा मीनलताईंचा आग्रह. १८ मार्चला कीट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जातं, १९ला त्यांना मुलगी होते, २३ला मान्यता येते. त्याच आठवड्यात पहिली १५० कीट पुणे, मुंबई, दिल्ली, गोवा आणि बेंगळुरूच्या प्रयोगशाळांकडे निघतात.