शेंगदाण्याचे तेल, शेंगदाण्याचा कण

खानदेशात बोरी नदीकाठच्या अमळनेरात १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी स्थापन केलेल्या ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या कंपनीचा उल्लेख सहसा पुढच्या विप्रोचे मूळ म्हणूनच होतो. परंतु भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप करणाऱ्या या कारखान्याकडे बालवयातील अ‍ॅलर्जीच्या इतिहासाच्या अंगानेही पाहता येते. अ‍ॅलर्जी ही संज्ञा व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजली, आणि एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला, बहुधा त्यातील प्रथिनाला, शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू मानून देते तो अतिरेकी प्रतिसाद, असा तिचा आजचा अर्थ आहे. शेंगदाण्यातील हे प्रथिन गाळपानंतर मुख्यतः पेंडीत, म्हणजे गुरांच्या खाद्यात जाते आणि तेल शुद्ध करताना त्याचा उरलासुरला अंशही जवळजवळ नाहीसा होतो. ब्रिटनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६० जणांपैकी शुद्ध तेलाचा त्रास एकालाही झाला नाही, कच्च्या तेलाचा मात्र सहा जणांना झाला. शुद्ध न केलेल्या घाण्याच्या तेलाच्या चवीवर जीव असणाऱ्या खानदेशात हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

अशा अ‍ॅलर्जीवरील उपचाराचा, म्हणजे ज्या पदार्थाचे वावडे आहे तोच अत्यल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने देऊन शरीराला त्याची सवय लावण्याचा, ज्याला असंवेदीकरण म्हणतात, प्रारंभ तोंडावाटेच झाला. लंडनचे डॉ. आल्फ्रेड स्कोफील्ड यांनी १९०८ मध्ये अंड्याचे वावडे असलेल्या १३ वर्षांच्या मुलाला अंड्याच्या दहा हजाराव्या भागापासून गोळ्या देत कित्येक महिन्यांनी अंडे पचेल इतपत आणले. मात्र १९११ मध्ये लेनर्ड नून यांनी परागज्वरावर, म्हणजे गवताच्या परागकणांनी उद्भवणाऱ्या शिंका आणि सर्दीवर, परागांच्या अर्काची इंजेक्शने यशस्वी केली आणि पुढे बराच काळ सुईचीच चलती राहिली. शेंगदाण्यापुढे मात्र सुई हरली: १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध देण्यातील चुकीमुळे एकाचा मृत्यू झाला, आणि नंतरच्या प्रयत्नातही तीव्र प्रतिक्रियांचे प्रमाण इतके राहिले की हा मार्ग सोडावा लागला.

तेव्हा वैद्यक पुन्हा तोंडाच्या मार्गाकडे वळले. केंब्रिजच्या २०१४ च्या चाचणीत ७ ते १६ वर्षांच्या मुलांना शेंगदाण्याची पूड दररोज अन्नातून चढत्या मात्रेने देण्यात आली आणि बहुतेकांच्या शरीराने ती सोसली. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेने ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी अशाच पुडीच्या औषधाला मान्यता दिली. त्यात पहिल्या दिवशी अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनाने सुरुवात करून पुढे रोज ३०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एका दाण्याइतक्या प्रथिनापर्यंत पोहोचायचे असते. हे चटणीभर शेंगदाणे खाण्याचे स्वातंत्र्य नव्हे, चुकून पोटात गेलेल्या कणापासूनचे संरक्षण आहे. रोजची मात्रा खंडित झाल्यास ते ओसरू शकते आणि तीव्र प्रतिक्रियेसाठी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन जवळ ठेवणे सुटत नाही.