हिमातील उघडे दार

आल्प्समध्ये स्वित्झर्लंड-इटली सीमेजवळ, २,४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड आहे. हिमवादळांत येथे वाटसरू प्राण गमावीत. म्हणून आओस्ताचे आर्चडीकन संत बर्नार्ड यांनी सुमारे १०५० साली येथे आश्रयगृह उभारले. पुढे ऑगस्टिनियन व्रतस्थांनी ही सेवा अखंड चालविली. स्वतः निष्णात गिर्यारोहक असलेल्या पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली संत बर्नार्डांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

१९६४ साली खिंडीखालून बोगदा झाला. मग या दाराचे प्रयोजन संपले काय? नाही. हिवाळ्यात घाटरस्ता बंद असतो, तेव्हा पाहुणे बोगद्याच्या स्विस तोंडापासून सुमारे सहा किलोमीटर चढून येतात. स्कीच्या तळाला लावलेली केसाळ पट्टी त्यांना मागे घसरू देत नाही. थकवा मात्र टळत नाही. वाटेतील दरीचे नावच ‘मृतांची दरी’. तेथे हिमलोटाचे भय असते. शेवटी पाय जड होतात, श्वास अपुरा पडतो आणि समोर आश्रयगृहाचे दार दिसते. त्याला कुलूप नसते.

दमून आलेल्या अनोळखी पाहुण्यात ख्रिस्ताला ओळखणे, हेच या व्रतस्थांचे साडेनऊ शतकांहून अधिक काळाचे व्रत. आपल्या दाराशी असा कोणी आला, तर आपण त्याला ओळखू काय?