सौताडा धबधबा

सौताडा धबधबा : बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील, विंचरणा नदीवरचा पावसाळी धबधबा. सौताडा गावाजवळ बालाघाटचे पठार एकदम तुटते आणि नदी दोनशे फुटांहून अधिक खोल दरीत कोसळते. वरच्या सपाट रानातून येताना पुढे एवढी दरी असेल असे वाटतच नाही. आधी कानावर येतो तो आवाज.

कडा बेसाल्टच्या थरांचा आहे. खालचा मऊ थर पाण्याने झिजला की वरच्या टणक खडकाचा आधार जातो आणि तो ढासळतो. असा धबधबा मागे मागे सरकत गेला नि दरी लांबत गेली.

दरीत रामेश्वराचे मंदिर आहे. वनवासात रामाचे येथे वास्तव्य होते, अशी श्रद्धा. पायऱ्या उतरून तेथे जाता येते. श्रावणी सोमवारी भाविकांची गर्दी असते. दर्शन आणि धबधबा यांत इथले लोक फरक करीत नाहीत.

सौताड्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या सरहद्दीवरच्या जागेत आहे. विंचरणेचे पाणी जामखेडवरून सीनेला, पुढे भीमेतून कृष्णेला मिळते. याच तालुक्यात उगम पावणारी मांजरा मात्र गोदावरीला जाते. म्हणजे दोन मोठ्या खोऱ्यांचा जलविभाजक येथे आहे. राज्येही येथेच विभागलेली होती. अहमदनगर जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटिअरात जामखेडच्या नोंदीत या धबधब्याचा उल्लेख येतो. तेव्हा जामखेड इंग्रजांकडे होते, सौताडा निजामाच्या मुलखात. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. आजही दरीतले पाणी थोड्याच अंतरावर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात शिरते.

भाग पर्जन्यछायेचा असल्याने धबधबा पावसाच्या भरवशावर असतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा पाहण्याचा काळ. पाऊस रुसला तर तोही नाही. दसरा-दिवाळीनंतर धार बारीक होते. त्याच सुमारास तालुक्यातले ऊसतोड मजूर जोडीजोडीने, म्हणजे एकेक ‘कोयता’ होऊन, साखर कारखान्यांकडे निघतात. पाटोद्याचे पाणी पाहणाऱ्याने हे पाठोपाठचे स्थलांतरही ध्यानात घ्यावे.

बीड–जामखेड रस्त्याने येथे पोहोचता येते. जामखेड जवळ, बीड बरेच लांब. माथ्यावरचा खडक शेवाळाने निसरडा होतो. कड्याच्या टोकाशी मुळीच जाऊ नये. धबधब्याची पूर्ण उंची दरीत उतरल्यावरच कळते.