खुब्याचे सांधेरोपण : रोपणाची निवड आणि सांध्याचे स्थैर्य

झिजलेला, मोडलेला किंवा रक्तपुरवठा तुटून खचलेला खुब्याचा सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया. खुबा हा उखळी सांधा आहे. मांडीच्या हाडाचा साधारण ४५ ते ५० मिमी. व्यासाचा गोळा कटीच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो आणि भोवतालचे अस्थिबंध व स्नायू त्याला आत धरून ठेवतात. शस्त्रक्रियेत यांतील काही आधार कापावे लागतात. त्यामुळे कृत्रिम गोळा वाटीतून निखळणार नाही, याची काळजी शल्यविशारदालाच घ्यावी लागते. ‘सर्वांत चांगला इम्प्लांट कोणता?’ असे रुग्ण विचारतात. पण स्थैर्य नुसत्या सुट्या भागावर अवलंबून नसते. तो भाग कोणत्या कोनात बसवला, स्नायूंना किती ताण मिळाला आणि रुग्णाचा कणा कसा हलतो, यांवर ते ठरते.

आधुनिक सांधेरोपणाचा पाया इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी घातला. घर्षण कमी व्हावे म्हणून त्यांनी गोळा मुद्दाम लहान, २२.२२५ मिमी. म्हणजे पाऊण इंचाहून थोडा मोठा ठेवला. वाटीसाठी आधी टेफ्लॉन वापरले. ते वेगाने झिजले आणि त्याच्या कणांनी भोवतालच्या ऊती सुजल्या. चार्न्ली यांनी टेफ्लॉनचे व नव्या पॉलिएथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून पाहिले. टेफ्लॉनच्या जागी गाठी उठल्या, पॉलिएथिलीनच्या जागी जवळजवळ काही झाले नाही. १९६२ च्या अखेरीस त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी वापरायला सुरुवात केली. लहान गोळा निखळायला सोपा, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरील उंचवटा ते स्नायूंसकट कापून अलग करीत आणि शेवटी बाहेर सरकवून पुन्हा जोडीत. त्यामुळे स्नायू ताणले जाऊन सांधा घट्ट बसे. गोळ्याचे माप आणि स्नायूंचा ताण हे एकाच हिशेबाचे भाग आहेत, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

गोळा निखळण्यापूर्वी वाटीच्या कडेपर्यंत त्याला काही अंतर सरकावे लागते. अर्धगोल वाटी योग्य कोनात असेल, तर हे अंतर ढोबळमानाने गोळ्याच्या त्रिज्येएवढे, म्हणजे २२ मिमी. गोळ्यासाठी ११ आणि ३६ मिमी. गोळ्यासाठी १८ मिमी. असते. शिवाय मोठ्या गोळ्याखालची मान वाटीच्या कडेवर उशिरा आदळते. म्हणून मोठा गोळा जास्त स्थिर असतो. मात्र जुन्या पॉलिएथिलीनवर तो जास्त कण झिजवी. त्यावर उपाय म्हणून धातूवर धातू घासणारे मोठे गोळे आले, आणि त्यांतूनच या क्षेत्रातील सर्वांत दुःखद प्रकरण घडले. डीप्यू कंपनीचे एएसआर रोपण ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. कोबाल्ट-क्रोमियमच्या कणांनी अनेक रुग्णांच्या ऊती नासल्या होत्या. भारतातील तक्रारींच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. स्थैर्य मिळवताना झिजेकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत रुग्णाच्या शरीराला मोजावी लागते.

आज ३२ व ३६ मिमी. गोळे सर्रास वापरतात, कारण किरणांच्या माऱ्याने रेणूंची वीण घट्ट केलेले पॉलिएथिलीन फार कमी झिजते. सिरॅमिक गोळ्याने झीज आणखी घटते. निखळण्याचा धोका जास्त असेल, तर फ्रान्समधील सेंत-एत्येन येथे जील बुस्के यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली दुहेरी हालचालीची वाटी उपयोगी पडते. तीत लहान गोळा पॉलिएथिलीनच्या मोठ्या गोळ्यात अडकलेला असतो आणि तो मोठा गोळा पुन्हा धातूच्या वाटीत फिरतो.

वाटीचा कोन ठरविण्यासाठी १९७८ पासून लुइनेक व सहकाऱ्यांचा ‘सुरक्षित पट्टा’ वापरात आहे : कल ४० अंश आणि पुढे वळण १५ अंश, दोन्हींत १० अंशांची मुभा. पण या पट्ट्यात नीट बसवलेल्या वाट्यांतूनही गोळे निखळतात. त्याचे एक मोठे कारण कण्यात सापडले. उभा माणूस बसला की कटी साधारण २० अंश मागे झुकते, वाटी पुढून उघडते आणि मांडीला वाकायला वाव मिळतो. कण्याचे मणके एकमेकांत जखडलेले असतील (अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसमध्ये किंवा मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर), तर कटी जागची हलत नाही. मग मान वाटीच्या पुढच्या कडेवर टेकते आणि गोळा मागून बाहेर ढकलला जातो. म्हणून अशा रुग्णाचे उभ्याने व बसून, दोन्ही स्थितींत बाजूने काढलेले एक्स-रे शस्त्रक्रियेपूर्वी पाहायलाच हवेत.

शेवटची परीक्षा टेबलावर होते. तात्पुरता गोळा बसवून खुबा ९० अंश वाकवतात, पाय हळूहळू आत वळवतात आणि गोळा कोठे उचलू लागतो ते पाहतात. नंतर पाय खाली ओढून सैलपणा अजमावतात. सांधा सैल वाटला, की लांब मानेचा गोळा घेण्याचा मोह होतो. त्याने ताण येतो, पण पायही लांब होतो आणि रुग्ण कायमचा लंगडू शकतो. अशा वेळी मांडीच्या हाडात बसणारा आणि ते हाड बाहेरच्या बाजूला अधिक सरकवणारा दांडा निवडणे बरे. पायाची लांबी फारशी न वाढता स्नायू ताणले जातात.

मागील बाजूने शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णाला खोल खुर्चीतून पुढे वाकून उठणे, गुडघा आत वळवून चप्पल घालणे आणि पायावर पाय टाकणे या हालचालींचा धोका अधिक असतो. मांडी घालताना पाय बाहेर वळतो, त्यामुळे ती तुलनेने कमी धोक्याची. तरी सुरुवातीचे महिने डॉक्टर तीही टाळायला सांगतात. उकिडवे बसण्याची परवानगी रोपण, कोन आणि कणा पाहूनच द्यावी लागते.

सांधा वारंवार निखळत असेल, तर आधी कारण शोधावे लागते : वाटीचा कोन चुकला, स्नायू तुटला की वाटीतले अस्तर झिजले. गोळ्याला कुलूप घालणारे अस्तर हा शेवटचा उपाय. त्यात गोळा सुटत नाही, पण सुटण्याचा जोर वाटी व हाड यांच्या जोडावर येतो आणि कालांतराने वाटीच सैल होऊ शकते.