दारू विशीत ‘चढत’ का नाही आणि साठीत लगेच का चढते?

‘आपल्याला तर चढतच नाही’ असं अकोल्या-अमरावतीकडची पोट्टी फुशारकीनं सांगतात. त्याच मोहल्ल्यातला एखादा साठीचा माणूस मात्र दोन पेगमध्येच लडखडतो. तेव्हा लोक म्हणतात, ‘बुढ्यात दम राहिला नाही.’ दोन्ही समज चुकीचे आहेत. दारू हराम आहे हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. पण घराघरात ती लपून प्यायली जाते ही हकीकत आहे, आणि लपवण्यामुळेच नुकसान वाढतं. म्हणून वयानुसार शरीरात काय फरक पडतो ते समजून घेऊ.

आधी हिशेब पाहू. विदेशी दारूच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये (४२.८ टक्के) साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला जेमतेम ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे रात्री ११ ला संपवलेली क्वार्टर सकाळी ५-६ पर्यंत रक्तात थोडीफार राहते. चहा, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. मेळघाटातल्या मोहाच्या हातभट्टीला तर हा हिशेबही लागू होत नाही, कारण तिच्यात किती अल्कोहोल आहे हे काढणाऱ्यालाच माहीत नसतं.

कोवळ्या वयात मेंदूचं काम अजून सुरू असतं. ते पंचविशीच्या आसपास पूर्ण होतं. या वयात झोप येणं, तोल जाणं, जीभ जड होणं ही ‘बस, आता थांब’ सांगणारी लक्षणं कमी जाणवतात. उलट संकोच सुटणं, मित्रांत रंगणं हे जास्त होतं, आणि स्मरणशक्तीवर घावही मोठा बसतो. हे बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं, कारण पोरांना दारू पाजून प्रयोग करता येत नाही. अमेरिकेतल्या लिंडा स्पिअर यांचं त्यावर मोठं काम आहे. तेव्हा ‘चढत नाही’ म्हणजे ताकद नव्हे. धोक्याची घंटी बंद पडलेली आहे, एवढंच. असाच पोट्टा गाडी घेऊन निघतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ‘मला काही झालं नाही’ हे मशीन ऐकत नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे.

लहान मुलांचं तर वेगळंच. गंमत म्हणून पाजलेला घोट किंवा सॅनिटायझरची हाती लागलेली बाटली, यांनी त्यांच्या रक्तातली साखर धोकादायक खाली येऊ शकते.

आता बुजुर्गांकडे येऊ. वय वाढलं की स्नायू आणि शरीरातलं पाणी कमी होतं, चरबी वाढते. दारू पाण्यात मिसळते, म्हणून तेवढ्याच पेगला रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. मेंदूचा तोल आधीच नाजूक, त्यामुळे बाथरूममध्ये पडून खुबा मोडतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याला सवयीमुळे नशा जाणवत नाही, पण यकृत आतून खराब होतच असतं. अशा माणसाला अचानक थोड्यातच चढू लागली, तर ते यकृताचं दुखणं असू शकतं. आपल्याकडचा मे महिना आणखी वेगळा: म्हातारपणी तहान कमी लागते, दारूनं लघवी वाढते, आणि अकोल्याचा पारा ४५ च्या वर.

सगळ्यात मोठी अडचण गोळ्यांची. शुगरच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं यांच्यासोबत दारू जिवावर बेतू शकते. पण अब्बा पितात हे डॉक्टरला कोण सांगणार? इज्जतीचा प्रश्न! डॉक्टर मग अंधारात औषध लिहितो. बाजूला नेऊन सांगा, पण सांगा.

आणखी एक गोष्ट रमजानची. रोज भरपूर पिणारा माणूस चाँद दिसताच एकदम बंद करतो. नियत चांगली आहे, पण शरीर बिथरतं. पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम येतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, बडबड सुरू होऊ शकते. वयस्करांत हे जास्त बिकट होतं. ही जिन्नाची बाधा नव्हे, लगेच दवाखान्यात न्या. सोडायचीच असेल तर शाबानमध्येच डॉक्टरला भेटा. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीत इर्विन म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. फोनवर मराठीत बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मोफत.