खेळण्यातल्या ट्रकचा ब्रेक

रेडिओलहरींवर चालणारे छोटे ट्रक मैदानात धावू लागले, की सर्वांचे लक्ष त्यांच्या वेगाकडे जाते. पण असा ट्रक थांबतो कसा, हा प्रश्न जास्त उद्बोधक आहे. विजेरीवर चालणाऱ्या बहुतेक ट्रकांत चाकाला घासणारा ब्रेक नसतोच. तरीही चालकाने कळ मागे घेताच गाडी आवरते. ह्या ब्रेकचे मूळ शोधायचे तर एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्यातील सापेक्ष हालचालीमुळे वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवले. असा प्रवाह ज्या बदलामुळे निर्माण होतो त्या बदलालाच विरोध करतो, हा नियम हाइनरिख लेन्झ यांनी १८३४ साली मांडला. मोटर आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, हे मात्र व्यवहारात ठसले ते १८७३ साली. त्या वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनात झेनोब ग्राम यांचे एक जनित्र दुसऱ्या जनित्राच्या विजेवर मोटरसारखे फिरवून दाखवण्यात आले.

मग जी मोटर गाडी ओढते तिनेच ती का आवरू नये? विद्युत रेल्वेने ही कल्पना उचलली. मुंबई-पुणे मार्गावरील भोर घाटाचा चढ ३७ ला १ इतका तीव्र आहे. तो उतरताना आजची विद्युत इंजिने आपल्या मोटरांकडून जनित्राचे काम करून घेतात.

दूरनियंत्रणाची सुरुवातही जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींनी चालणारी छोटी नाव दाखवली. नावेला पाणीच अडवते. मोटारीचे तसे नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली आणि हा छंद जगभर पसरू लागला. त्या काळी वेग बदलण्यासाठी एक छोटी मोटर तांब्याचा सरकता स्पर्शक रोधांवरून फिरवी. वेग दोन-तीन टप्प्यांतच बदले आणि रोध तापत. १९८० च्या दशकात ट्रान्झिस्टरचे नियंत्रक आले आणि ब्रेक हवा तेवढा कमी-जास्त करणे शक्य झाले.

हे घडते कसे? ब्रेक लावताच नियंत्रक मोटरचा विजेरीशी संबंध तोडतो आणि तिची दोन टोके एकमेकांना जोडतो. फिरती मोटर आता जनित्र होते. तिच्यातील प्रवाह तिच्याच फिरण्याला विरोध करतो आणि गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. ही जोडणी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा जुळते आणि तुटते. जोडलेला काळ वाढवला, की ब्रेक कडक होतो.

तो किती कडक ठेवायचा हे जमीन ठरवते. चाके पूर्ण अडली तर टायर घसरतात. पुढची चाके अडली तर गाडी वळत नाही. मागची अडली तर ती गिरकी घेते. उंच ट्रकचा गुरुत्वमध्य वर असल्याने जोराच्या ब्रेकने तो पुढे झुकतो. म्हणून सैल मातीवर ब्रेक हलका ठेवतात.

ह्या ब्रेकला एक मर्यादा आहे. प्रवाह वेगावर अवलंबून असल्याने वेग निम्मा झाला, की रोधक बलही जवळजवळ निम्मे होते आणि शून्य वेगाला ते नाहीसेच होते. केवळ ह्या बलाच्या भरवशावर उतारावर ट्रक स्थिर उभा राहणार नाही; तिथे घर्षणाची मदत हवीच. रेल्वेच्या इंजिनालाही म्हणूनच घर्षणाचे ब्रेक ठेवावे लागतात.

आपल्या वर्गात मोटर आणि जनित्र हे दोन वेगळे धडे असतात आणि लेन्झचा नियम बाणाची दिशा ठरवण्यापुरता उरतो. त्यावर एक स्वस्त उपाय आम्ही सुचवतो. दंतचक्रे जोडलेली खेळण्यातील मोटर घ्या आणि तिचा आस बोटांनी फिरवा. मग तिची दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने जोडून पुन्हा फिरवा. आस आता जड लागेल. हळू फिरवल्यास तो कमी जड का लागतो, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.